गाणं चालू असताना समोर कोण बसलंय?

वाचकाचं पत्र: सप्रेम नमस्कार. माझं वय ३६. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून सासरे रोज रात्री जेवणं झाली की मोबाईलवर जुन्या हिंदी सिनेमातली दुःखी गाणी लावून बसतात. तलत, मुकेश, लता, कधी सैगल. मला खरं सांगायचं तर ती सगळी एकसारखी आणि रडकी वाटतात. उर्दू शब्द निम्मे डोक्यावरून जातात. कान तयार व्हावा म्हणून 'दर्दभरे नग्मे' नावाची पन्नास गाण्यांची यादी लावून पाहिली, पण अकराव्या गाण्याला जीव गुदमरला आणि बंद केली. बाबांसोबत बसावंसं वाटतं, पण कळत नसताना नुसतं मान डोलवायला नको वाटतं. ही गाणी ऐकायची कशी? सतत ऐकून माणूस आणखी खचत नाही का? पुढच्या महिन्यात त्यांची पंच्याहत्तरी आहे. त्यांना गाण्यांची एक यादी करून द्यायची आहे, तिच्यात काय घालू? — एक सून, चिंचवड

उत्तर: ताई, अकराव्या गाण्याला तुम्ही बंद केलंत यात तुमच्या कानाचा काही दोष नाही. ती यादीच चुकीची आहे. १९५०-६० च्या दशकांतल्या सिनेमात साधारण आठ-दहा गाणी असत आणि त्यातली दुःखी असत दोन, फार तर तीन. एक दुःखी गाणं येईपर्यंत प्रेक्षकाने जॉनी वॉकरचं एखादं विनोदी गाणं, एखादं क्लबमधलं, एखादं बागेतलं ऐकलेलं असे. रेडिओवरही तसंच, सगळ्या चवी मिसळून. पन्नास दुःखी गाणी ओळीनं लावणं म्हणजे जेवायला बसवून ताटात नुसतं लोणचं वाढणं. त्यात संथ लय, तेच पाच-सहा आवाज, तीच व्हायोलिनं. चौथ्या गाण्यापासून कान फरक टिपायचं सोडून देतो आणि मग सगळं एकसारखं वाटायला लागतं. दिवसाला दोन गाणी, फार तर तीन. पहिला महिना एवढंच पथ्य पाळा.

'रडकी' वाटण्याचं दुसरं कारण तुमच्या हातातच आहे. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे तबल्याचा बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) गेला, डबल बास (खालच्या सुराचं मोठं तंतुवाद्य) गेला, तलत किंवा हेमंतकुमारच्या आवाजातला छातीतला भाग गेला. उरतं काय, तर वरच्या पट्टीतला गळा आणि किरकिरणारी व्हायोलिनं. कुठलंही दुःखी गाणं असं ऐकलं तर रडकंच वाटणार. साधा, बऱ्यापैकी आकाराचा एकच स्पीकर घ्या किंवा कान झाकणारे हेडफोन वापरा. त्या काळची बहुतेक ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेली आहेत, त्यामुळे महागड्या दोन-पाच स्पीकरांच्या संचाची गरज नाही. स्पीकरवर 'बास बूस्ट', 'सराउंड' असलं काही असेल तर बंद करा. आवाज इतकाच ठेवा की गाणं चालू असताना शेजारच्या माणसाशी हळू बोलता येईल.

कुठली प्रत ऐकता हेही बघा. १९८०-९० च्या दशकांत कॅसेट कंपन्यांनी जुन्या गाण्यांवर इलेक्ट्रॉनिक ठेका चढवून 'झंकार बीट्स' नावाने ती विकली. त्या प्रती अजून सगळीकडे फिरतात. दुःखी गाण्यात दोन शब्दांमधली, दोन ओळींमधली मोकळी जागा फार महत्त्वाची असते आणि तो चढवलेला ठेका नेमकी तीच बुजवतो. हल्ली गाणं मुद्दाम मंद करून घुमवलेल्या प्रतीही असतात, त्याही टाळा. दुसऱ्याच गायकाने पुन्हा गायलेली 'रिव्हायव्हल' गाणी मूळ गाण्याच्या नावानं समोर येतात, म्हणून गायकाचं नाव तपासा. कधी तबकडीवरून उतरवताना वेग चुकलेला असतो. एकाच गाण्याच्या दोन प्रती लावल्या आणि पट्टी वेगळी लागली, तर त्यातली एक तरी बिघडलेली. खूण म्हणून लांबी पाहता येते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून तबकडीवरचं गाणं तेवढंच असतं. सिनेमात तेच गाणं एखादा अंतरा, म्हणजे कडवं, जास्त घेऊन साडेचार-पाच मिनिटांचं होतं. दोन्ही खरीच. पण बाबांना कुठलं पाठ आहे ते विचारा. रेडिओवर ऐकणाऱ्यांना बहुधा तबकडीवरचंच पाठ असतं आणि मध्येच अनोळखी अंतरा आला की ते चमकतात.

आता मुख्य गोष्ट. दुःखी गाणं समोर आलं की आपण विचारतो, याला काय दुःख आहे? त्याचं उत्तर शंभरातल्या नव्वद गाण्यांत एकच येतं: प्रेमभंग. म्हणून सगळी गाणी एक होतात. त्याऐवजी असं विचारा, की गाणं चालू असताना समोर कोण बसलंय? ऐकणारा कोण आहे, आणि त्याच्यासमोर काय बोलता येत नाही? हा एक प्रश्न घेऊन बसलात तर कुठलीही दोन गाणी एकसारखी राहणार नाहीत.

'प्यासा' (१९५७) मधलं 'जाने वो कैसे लोग थे' घ्या. साहिरचे शब्द, सचिनदेव बर्मन यांची चाल, हेमंतकुमारचा आवाज. नायक विजय कवी आहे, पण या मैफलीत तो आलाय प्रकाशकाचा नोकर म्हणून, पाहुण्यांची सरबराई करायला. समोर त्याची एकेकाळची प्रेयसी मीना बसली आहे, ती आता त्या प्रकाशकाची बायको आहे, आणि तो प्रकाशक दोघांकडे बघतो आहे. अशा ठिकाणी माणूस हंबरडा फोडेल का? म्हणून हेमंतकुमार हे गाणं जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखं गातात. आवाज खालचा, सरळ, हरकती नाहीत. चालही बरीचशी शुद्ध स्वरांची आहे, ज्याला ढोबळपणे 'आनंदी' म्हणतात तशी. प्रसंग माहीत नसेल तर गाणं नुसतं संथ वाटतं. माहीत असेल तर प्रत्येक ओळीला मीना ऐकते आहे आणि नवराही ऐकतो आहे हे विसरता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. याच सिनेमात विजयची बाकीची गाणी रफीच्या आवाजात आहेत. 'ये महलों, ये तख़्तों' मध्ये समोर भरलेलं सभागृह आहे आणि विजयला आता कुणापासून काही लपवायचं नाही. तिथे आवाज कुठून कुठे चढत जातो ते याच्याशेजारी ठेवून ऐका. माणूस एकच, पण ऐकणारे वेगळे म्हणून गाणंही वेगळं.

'गुमराह' (१९६३) मधलं महेंद्र कपूरचं 'चलो इक बार फिर से' आणि 'संगम' (१९६४) मधलं मुकेशचं 'दोस्त दोस्त ना रहा' ही दोन्ही पियानोवरची गाणी, आणि दोन्हींत ज्याच्यापर्यंत बोलणं पोचवायचं तो माणूस त्याच खोलीत. (हिंदी सिनेमात ज्या घरी पियानो, त्या घरी गैरसमज हा नियम तुम्हाला लवकरच कळेल.) पण 'गुमराह'मध्ये गाणारा जुना प्रियकर आहे आणि नवरा समोर आहे, म्हणून साहिरचे शब्द सभ्य आहेत, समजुतीचे आहेत, वरवर निरुपद्रवी आहेत. 'संगम'मध्ये गाणारा स्वतःच नवरा आहे आणि बायको व जिवलग मित्र समोर बसलेत. तिथे शैलेंद्रने आरोप उघड मांडला आहे, शंकर-जयकिशनने चाल भैरवीत बांधली आहे आणि मुकेशचा सरळ, न वळणारा सूर तो आरोप आणखी बोचरा करतो. ही दोन गाणी एका संध्याकाळी ऐका. तिसरं नको.

'सुजाता' (१९५९) मध्ये ऐकणारी व्यक्ती खोलीतही नाही, ती टेलिफोनच्या पलीकडे आहे. 'जलते हैं जिसके लिए' मध्ये सुनील दत्त फोनवर गातो आणि नूतन ऐकते. अस्पृश्य म्हणून जन्मलेली, ब्राह्मणाच्या घरी वाढलेली ही मुलगी उत्तर देऊ शकत नाही. चित्र पाहाल तेव्हा गाणाऱ्याकडे नाही, नूतनकडे पाहा. बिमल रॉय यांनी कॅमेरा तिच्यावर किती वेळ ठेवलाय बघा. फोनवरचं गाणं म्हणून ते मोठ्यानं गाऊन चालणार नव्हतं, आणि त्या काळात इतक्या हळू, इतक्या कानाजवळ गाणारा गळा तलत महमूदचाच.

'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) मधलं 'अजीब दास्ताँ है ये' तर कित्येकांना दुःखी आहे हेच कळत नाही. डोलणारी, हलकी चाल, नावेवर जमलेली मंडळी, आनंदाचा प्रसंग. डॉक्टरच्या लग्नाची ही मेजवानी आणि गाणारी मीनाकुमारी त्याच डॉक्टरवर प्रेम करणारी नर्स. सगळ्यांसमोर हसत गायचं आहे, म्हणून चालीत अश्रूच नाहीत. ते शब्दांत आहेत, आणि तेही फक्त एकाच माणसाला कळावेत असे. तुम्हाला 'रडकी' गाणी नको वाटतात ना, मग सुरुवात इथूनच करा.

आणि 'काग़ज़ के फूल' (१९५९) मधलं 'वक़्त ने किया' असं, की पडद्यावर कुणी गातच नाही. गुरुदत्त आणि वहीदा रहमान रिकाम्या स्टुडिओत समोरासमोर उभे आहेत, ओठ मिटलेले. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी बाहेरचा सूर्यप्रकाश आत वळवून तो प्रसिद्ध झोत तयार केला. कैफी आझमींचे शब्द गीता दत्तच्या आवाजात जणू दोघांच्या मधल्या जागेत चालू राहतात. इथे ऐकणारा कोण, याचं उत्तर मी देत नाही. एक विनंती मात्र आहे. गीता आणि गुरुदत्त यांच्या संसाराच्या कहाण्या या गाण्याला चिकटलेल्या आहेत, त्या पहिल्या दोन-तीन वेळा तरी बाजूला ठेवा. नाहीतर आपण गाणं ऐकायचं सोडून चौकशी करत बसतो.

प्रत्यक्ष ऐकायची रीत अशी. एक गाणं निवडा आणि ते तीन दिवस तेच ठेवा. पहिल्या दिवशी नुसतं ऐका, स्क्रीन उलटी करून, हातात काम न घेता. दुसऱ्या दिवशी आधी शब्द वाचा, मग ऐका. तिसऱ्या दिवशी सिनेमा काढा आणि गाण्याच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दोन मिनिटं धरून पाहा. नुसत्या गाण्याची चित्रफीत पाहू नका, कारण कोण कुणाला का टाळतंय हे त्या आधीच्या दहा मिनिटांतच असतं. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी चित्र पाहिलंत, तर नटनटीचे चेहरे डोळ्यांत बसतात आणि मग आवाजाकडे लक्ष जात नाही.

दुसऱ्या दिवशी शब्द वाचताना एवढं पाहा, की रचना कुठल्या जातीची आहे. ग़ज़ल असेल तर प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यात सलग गोष्ट शोधू नका, सापडणार नाही. 'अदालत' (१९५८) मधलं मदनमोहन-लताचं 'यूँ हसरतों के दाग़' तसं आहे. नज़्म असेल, जसं 'चलो इक बार', तर एकेक पायरी चढत मुद्दा शेवटाकडे जातो, त्यामुळे शेवटचा अंतरा चुकवून चालत नाही. गीत असेल तर ध्रुवपद हाच जीव. उर्दू शब्दांची भीती बाळगू नका. वीसेक शब्द वहीत लिहिलेत की तीन-चतुर्थांश गाणी उघडतात: शिकवा म्हणजे तक्रार, सितम म्हणजे छळ, हसरत म्हणजे अपुरी राहिलेली इच्छा, तनहाई म्हणजे एकटेपणा, फ़ुरक़त आणि जुदाई म्हणजे ताटातूट, ख़लिश म्हणजे सल, रुसवाई म्हणजे बदनामी, शब म्हणजे रात्र, सहर म्हणजे पहाट. नसीब, दाग़, महफ़िल हे तर मराठीनं आपलेच केलेत.

मग सुराकडे वळा. गाणं मुखड्याने सुरू होतं, अंतरा वर चढतो आणि एक ओळ त्याला परत मुखड्याकडे आणून सोडते. हा परतीचा क्षण पकडा. मुखडा तीन-चार वेळा येतो, शब्द तेच, पण अंतऱ्यात जे सांगून झालेलं असतं त्यामुळे त्याचं वजन दर वेळी वाढतं. लता शेवटच्या वेळी तीच ओळ कशी बदलते ते ऐका. कधी एखादा सूर लांबवते, कधी एखादी हरकत मुद्दाम सोडून देते. सगळं गाणं लक्ष देऊन ऐकायचा कंटाळा आला तर पहिला आणि शेवटचा मुखडा लागोपाठ लावून पाहा.

राग ओळखता आलाच पाहिजे असं अजिबात नाही. उलट 'हा राग दुःखी, तो आनंदी' हे डोक्यातून काढाच. भैरवीत सैगलचं 'जब दिल ही टूट गया' (शाहजहाँ, १९४६) आहे आणि 'मेरा जूता है जापानी' (श्री ४२०, १९५५) सुद्धा. 'रसिक बलमा' (चोरी चोरी, १९५६) शुद्ध कल्याणच्या अंगानं जातं. 'आँसू भरी हैं' (परवरिश, १९५८) यमन कल्याणात आहे. या रागांना कुणी उदास म्हणणार नाही. 'आँसू भरी हैं'ची चाल दत्ताराम वाडकरांची. शंकर-जयकिशनच्या ताफ्यात ढोलकीचा 'दत्ताराम ठेका' ज्यांच्या नावानं ओळखला जातो तेच हे. नाचऱ्या ठेक्यासाठी नावाजलेल्या माणसानं मुकेशचं इतकं शांत गाणं केलं, हे बाबांना सांगा. त्यांना बहुधा माहीत असेल, पण तुम्हाला माहीत आहे म्हणून बरं वाटेल.

दुःख रागात नाही तर कुठे आहे, हे कळायला सर्वांत उपयोगी म्हणजे एकाच मुखड्याची दोन रूपं. 'मुनीमजी' (१९५५) मधलं 'जीवन के सफ़र में राही' किशोरच्या आवाजात खट्याळ आहे, तेच लताच्या आवाजात संथ आणि उदास आहे. 'जंगली' (१९६१) मधलं 'एहसान तेरा होगा मुझ पर' आधी रफीचं, मग लताचं. आणि 'अनारकली' (१९५३) मधलं 'ये ज़िंदगी उसी की है' एकदा प्रेमाच्या धुंदीत येतं, एकदा अनारकलीभोवती भिंत चढत असताना. ती चाल पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, भीमपलासवर बेतलेली. दोन्ही ऐकताना फक्त तीन गोष्टी टिपा: लय किती कमी झाली, वाद्यं किती गळाली आणि श्वास कुठे घेतला. एवढ्या तीनच गोष्टींनी गाण्याचा चेहरा बदलतो.

आवाजांची ओळखही अशीच जोडीनं करा. तलतचा सूर किंचित कापतो. गायकीत हा दोष मानला गेला असता, पण तो लपवू नकोस असं संगीतकार अनिल विश्वास यांनीच त्याला सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. 'ऐ दिल मुझे ऐसी जगह ले चल' (आरज़ू, १९५०) ऐका आणि तो कंप ओळीच्या शेवटी कुठे येतो तेवढंच पाहा. मग 'शाम-ए-ग़म की क़सम' (फ़ुटपाथ, १९५३) ऐका. संगीतकार खय्याम यांनी इथे तबला ठेवलेलाच नाही, लय गिटार आणि डबल बासवर चालते. मोबाईलच्या स्पीकरवर हे गाणं निम्मं नाहीसं होतं, म्हणून मघाशी स्पीकरवर एवढा जोर दिला. मुकेशकडे कंप नाही, मुरक्याही नाहीत. तो वाक्य बोलल्यासारखं ठेवून देतो. आधी तो सैगलच्या छापात गात होता, 'दिल जलता है' (पहली नज़र, १९४५) ऐकलंत तर ती छाप लगेच कळेल. रफी अगदी उलट. 'ओ दुनिया के रखवाले' (बैजू बावरा, १९५२) मध्ये तो खालपासून अशा ठिकाणी नेतो की तिथे बाकीच्यांचा गळा फाटावा. तिथे ऐकणारा देव आहे, तेव्हा आवाज चढवायला संकोच नाही. पण हे गाणं सुरुवातीला नको. नवख्या कानाला ते नाटकी वाटतं आणि मग रफीबद्दलचं मत उगाच तिथेच अडकतं. रफी सुरू करायचा तर 'दिन ढल जाए' (गाइड, १९६५) पासून करा.

किशोरला हसरा समजून सोडू नका. 'कोई हमदम ना रहा' (झुमरू, १९६१) ऐका. हे मुळात संगीतकार सरस्वतीदेवींचं, १९३६ च्या 'जीवन नैया'मध्ये अशोककुमारने गायलेलं गाणं. थोरल्या भावाचं गाणं धाकट्यानं पंचवीस वर्षांनी पुन्हा घेतलं.

मधल्या वाद्यसंगीताच्या वेळी बोलायला लागू नका, ते भरताड नाही. तेव्हा गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र, एका दमात ध्वनिमुद्रण करत. कुणाची एक चूक झाली की सगळं पहिल्यापासून. मुंबईत ताडदेवच्या फेमस स्टुडिओत ध्वनिमुद्रक मिनू कात्रक यांच्या हाताखाली अशी असंख्य गाणी झाली. व्हायोलिनांचे ताफे आणि गायकाच्या मागून चालणाऱ्या प्रतिधुना कागदावर उतरवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या मंडळींनी केलं, कारण तिकडे चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत. शंकर-जयकिशनसाठी सेबास्टियन डिसूझा, तसेच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. सुरुवातीला एकच काम करा: ओळ संपली की गायक गप्प होतो, त्या रिकाम्या जागेत कुठलं वाद्य उत्तर देतं ते ओळखा. मदनमोहनकडे बऱ्याचदा सतार असेल, शंकर-जयकिशनकडे व्हायोलिनांचा लोंढा, बर्मनदादांकडे फार थोडं काहीतरी, आणि तेच बरोबर वाटेल.

प्रेमभंग सोडूनही दुःख आहे, आणि तुम्हाला कदाचित तेच अधिक जवळचं वाटेल. 'बंदिनी' (१९६३) मधलं आशाचं 'अब के बरस भेज भैया को बाबुल' शैलेंद्रने लिहिलंय. तुरुंगातल्या बायका दळत बसल्या आहेत आणि एकजण माहेराला साद घालते. ज्याला साद घालायची तो बाप ऐकायला तिथे नाही, ऐकतायत त्या बाकीच्या कैदी बायका. जात्यावरच्या ओव्यांत भावाची वाट पाहणारी सासुरवाशीण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यामुळे या गाण्याला शब्दकोश लागत नाही. सैगलचं 'बाबुल मोरा' (स्ट्रीट सिंगर, १९३८) याच घराण्यातलं. अवधचा नवाब वाजिद अली शाह याची ठुमरी, राज्य गेल्यावर लखनौ सोडतानाची असं मानतात. सैगलने ती चित्रीकरणाच्या वेळी, रस्त्यावरून चालत चालत गायली. ध्वनिमुद्रण जुनं आहे, खरखर आहे. पहिल्या वेळी त्रास होतो, तिसऱ्या वेळी ऐकूसुद्धा येत नाही.

खचण्याबद्दल विचारलंत. दुःखी गाण्याने दुःख वाढतंच असं नाही, अनेकांना त्याने मोकळं वाटतं. पण बाबांकडे बघताना गाण्यांपेक्षा बाकीच्या गोष्टी बघा. जेवण, झोप, औषधं, सकाळचं फिरणं, मित्रांशी बोलणं जागेवर आहे ना? मग तासभर तलत ऐकला तर ऐकू द्या. गाणी बंद करायला किंवा 'काहीतरी आनंदी लावा' म्हणायला जाऊ नका. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, 'आता जगून काय' असं बोलणं वारंवार येत असेल, तर तो गाण्यांचा विषय नाही, डॉक्टरांना वेळ न दवडता दाखवा.

सोबत बसाल तेव्हा 'तुम्हाला हे का आवडतं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं आणि तपासणी चालल्यासारखं वाटतं. 'सिनेमात याच्या आधी काय होतं?' असं विचारा. पंच्याहत्तरीच्या माणसाचं लहानपण आणि तरुणपण रेडिओवर गेलंय. विविध भारती १९५७ साली सुरू झाली तेव्हा ते शाळकरी असतील, रेडिओ सिलोन त्याआधीपासून होतंच. त्यामुळे कित्येक गाण्यांचे सिनेमे त्यांनी पाहिलेलेच नसतील. मग म्हणा, चला, पाहू या. रविवार दुपारची सोय झाली. ती गोष्ट सांगत असतील तर गाणं थांबवा, आणि गाणं चालू असेल तर गोष्ट थांबेल तेवढं थांबा.

यादीचं म्हणाल तर दोन करा. एक त्यांच्या एकट्याची. तिच्यात काय घालायचं हे तुम्ही ठरवू नका. महिनाभर ते रोज काय लावतात ते वहीत टिपा, आणि त्यांच्याकडे बिघडलेल्या किंवा झंकारवाल्या प्रती असतील त्यांच्या जागी तबकडीवरच्या चांगल्या प्रती शोधून द्या. याहून मोठी भेट नाही. सासूबाईंशी जोडलेलं एखादं गाणं असेल तर ते त्यांच्या हाताशी असू द्या, पण यादीत पहिलं ठेवू नका.

दुसरी यादी पंच्याहत्तरीच्या दिवशी चारचौघांत वाजवायची. ती बारा गाण्यांची, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची पुरे. सुरुवात रफीच्या 'सुहानी रात ढल चुकी' (दुलारी, १९४९) ने करा. ते वाट पाहण्याचं गाणं आहे, शोकाचं नाही. मग 'जीवन के सफ़र में' किशोरचं, मधे एखादं हलकं, आणि मग त्याच गाण्याचं लताचं रूप. पाहुण्यांना फरक आपोआप कळेल. 'अजीब दास्ताँ है ये' मध्यावर ठेवा. दोन संथ गाणी एकापाठोपाठ नकोत आणि एकाच गायकाची दोन लागोपाठ नकोत. मृत्यूवरची, निरोपाची गाणी त्या दिवशी पूर्ण वगळा, बाबा कितीही आवडीनं ऐकत असले तरी. चारचौघांत डोळे भरले की माणसाला उगाच अवघडतं. शेवट आपल्या मैफलींसारखा भैरवीनं करा, पण भैरवी 'मेरा जूता है जापानी' ची. मोबाईलवर आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय आधीच बंद करून ठेवा, नाहीतर तेराव्या क्रमांकाला ती पन्नास गाण्यांची यादी पुन्हा सुरू होईल.